जिप्सीत फ्युएल सेल बसवायचा आहे, चढावर पेट्रोल तुटतं (ठाणे)

घोडबंदरी

नमस्कार मंडळी. गाडी २००८ ची जिप्सी, एमपीएफआय (म्हणजे कार्ब्युरेटर नाही, इंजेक्शनवाली), १३०० सीसी. रोजच्या वापरात नाही. महिन्यातून दोनदा मुरबाडच्या पुढे मित्राच्या जमिनीवर जातो, तिथे एक बंद पडलेली दगडखाण आहे, तिच्यात चढउतार करतो.

त्रास असा, की टाकी निम्म्याच्या खाली गेली की उभ्या चढावर इंजिन गचके खातं आणि दहाबारा सेकंदांत बंद. सपाटीला आणली की जणू काही झालंच नाही अशी चालते. फिल्टर बदलला, पंप बदलला, प्लग बदलले. मेकॅनिक आता फोन उचलत नाही. त्यात मागच्या महिन्यात गाडी दगडावर बसली आणि टाकीच्या तळाला नारळाएवढा पोचा पडला.

म्हणून डोक्यात आलंय की मागची बाकं काढायची आणि तिथे फ्युएल सेल बसवायचा. वागळे इस्टेटमधल्या एका फॅब्रिकेटरने ६० × ४० × २० सेंटीमीटरचा अॅल्युमिनियम डबा, आत फोम, वर बूच, असं सगळं मिळून भाव दिलाय. कोणी केलंय का? काय काय बघायचं?

निवांत_पाटील

अभिनंदन! हायड्रोजनवर चालणारी जिप्सी म्हणजे कमाल. पण हायड्रोजन भरणार कुठे? गडकरी २०२२ मध्ये टोयोटाच्या हायड्रोजनवाल्या मिराईतून संसदेत गेले होते, त्यालाही आता बराच काळ झाला, आपल्याकडच्या पंपावर काही दिसत नाही.

घोडबंदरी

पाटील, नावाचा घोळ आहे. तो वीज तयार करणारा फ्युएल सेल वेगळा. शर्यतीच्या गाड्यांत पेट्रोलच्या सुरक्षित टाकीलाही फ्युएल सेलच म्हणतात. मला ही टाकी हवी आहे.

निवांत_पाटील

हात्तिच्या. मग टाकी म्हणा ना.

बापू_कोपरी

पाटील गमतीत बोलले, पण मुद्दा बरोबर आहे. घोडबंदरी, तुम्हाला ज्याचा भाव मिळालाय ती टाकीच आहे. फोम घातलेला डबा. त्याला सेल म्हणू नका, नाहीतर उद्या तुम्हीच त्याच्यावर भरवसा ठेवाल.

खऱ्या सेलमध्ये तीन गोष्टी असतात. बाहेर पत्र्याची पेटी. तिच्यात कापडावर रबर चढवलेली पिशवी. आणि पिशवीत जाळीदार फोम. पेटी चेपली तर पिशवी वाकते, फुटत नाही. फोम पेट्रोलला हिंदकळू देत नाही आणि आतल्या वाफेत ज्वाला पसरू देत नाही. १९६४ च्या इंडियानापोलिस ५०० शर्यतीत दुसऱ्याच फेरीत पेट्रोल पेटून दोन ड्रायव्हर गेले, त्यानंतर तिकडे पिशवीच्या टाक्यांची सक्ती झाली. म्हणजे हे सगळं आग लागू नये म्हणून जन्माला आलं, चढावर गाडी बंद पडू नये म्हणून नव्हे. तुमचं दुखणं दुसरं आहे.

पिशवीवर एफआयएचा, म्हणजे मोटार शर्यतींच्या जागतिक संघटनेचा, शिक्का असतो, एफटी३-१९९९ किंवा त्याच्या वरचा एफटी३.५, एफटी५. शिक्क्यावर तयार केल्याची तारीख. पाच वर्षं आयुष्य, फार तर बनवणाऱ्याने तपासून दिली तर आणखी दोन. वागळेचा डबा यातल्या कशातच बसत नाही.

घोडबंदरी

बापू, पिशवीसुद्धा बघितली. एक जण वापरलेली देतोय, २०१२ च्या शिक्क्याची. स्वस्त आहे.

बापू_कोपरी

फुकट दिली तरी आणू नका. रबर बाहेरून छान दिसतं, घडीवर चिरलेलं असतं.

खाडीकाठची

मी गाड्यांतली नाही. ठाणे-बेलापूर पट्ट्यात एका रसायन कारखान्यात बावीस वर्षं टाक्यांवर काम केलंय, नवऱ्याची थार आहे म्हणून इथे वाचत असते. राहवलं नाही म्हणून लिहिते.

घोडबंदरी, भाव विचारायच्या आधी कागदावर एक चित्र काढा. तुमचा डबा ६० सेंमी लांब, ४० रुंद, २० उंच, म्हणजे ४८ लिटर. त्यात १० लिटर पेट्रोल उरलंय असं धरा. सपाटीवर ते चार सेंटीमीटरपेक्षा थोडं जास्त उभं राहील. आता गाडी ३० अंशांच्या चढावर घ्या. पेट्रोल सगळं मागच्या कोपऱ्यात त्रिकोणासारखं गोळा होणार. हिशोब केला तर तो त्रिकोण मागच्या भिंतीपासून साधारण २९ सेंमीपर्यंतच येतो. तुमची ओढनळी डब्याच्या मधोमध, म्हणजे ३० सेंमीवर असेल तर ती कोरडी. अर्धा-एक सेंमीने कोरडी, पण पंपाला तेवढं पुरतं. १२ लिटर असतील तर ३० अंशांत जेमतेम निभावेल, ३५ अंशांत पुन्हा कोरडी.

म्हणजे हजारो रुपये घालून तुम्ही तोच आजार नव्या घरात नेणार. फोमने हे बदलत नाही. फोम हिंदकळणं थांबवतो, पण चढावर तुम्ही मिनिटभर उभे राहिलात तर पेट्रोल त्याच्या छिद्रांतून निवांत खाली जातंच.

ओढनळी मागे नेली तर चढ सुटेल, मग उतारावर मराल. उतारावर इंजिन बंद म्हणजे ब्रेकचा बूस्टर आणि असेल तर पॉवर स्टिअरिंग दोन्ही जाणार. मला विचाराल तर ते जास्त वाईट.

गावठी_थार

ताईंनी भूमितीचा पेपर सोडवला. आमच्या डिझेलला असलं काही होत नाही. 😌

बापू_कोपरी

डिझेलला झालं की नुसतं बंद पडून भागत नाही, हवा काढत बसावं लागतं. जपून बोल.

रबाळे_आर्गन

माझं रबाळे एमआयडीसीत छोटं शेड आहे, आर्गन वेल्डिंगचं काम. अशा टाक्या चार-पाच केल्यात, बहुतेक बोटींसाठी. धंद्याचं नुकसान करून सांगतो.

अॅल्युमिनियमचा पत्रा ५०५२ ग्रेडचा मागा, ३ मिमी. बाजारात एचई-थर्टी ग्रेड लगेच मिळतो आणि फॅब्रिकेटरला तोच बरा वाटतो, पण तो घट्ट वाकवला की घडीवर बारीक तडे जातात. आज दिसत नाहीत, सहा महिने खाणीत आपटल्यावर पाझरतात. डबा सहा पत्रे जोडून करू नका, एकच पत्रा वाकवून यू करायचा, म्हणजे वेल्डची लांबी पाव हिश्शाने कमी होते. या मापाला सात-आठ किलो वजन येईल. आत निदान एक आडपडदा, खाली कोपरे कापलेला, म्हणजे पेट्रोल इकडून तिकडे जाईल पण धावणार नाही.

चाचणी हवेने करायची तर हात जोडून विनंती: ३ पीएसआयच्या वर जाऊ नका. लोक म्हणतात तीन म्हणजे काय, टायरमध्ये तीस असतं. अहो, ६० बाय ४० चा पत्रा म्हणजे २४०० चौरस सेंमी. त्याच्यावर ३ पीएसआय म्हणजे जवळजवळ अर्धा टन जोर. एका भावाने कंप्रेसर तसाच जोडला, डब्याचा ढोल झाला. साबणाचं पाणी लावा, एक-दीड पीएसआयला बुडबुडे दिसतातच.

आणि ती पोचा पडलेली जुनी टाकी कोणी म्हणालं वेल्ड करून देतो, तर त्याच्या दुकानातून बाहेर पडा. रिकामी टाकी भरलेलीपेक्षा वाईट. पेट्रोलची वाफ हवेत दीड टक्का झाली तरी पेटते, आणि ती हवेपेक्षा जड असल्याने तळाशी बसून राहते. आठवडाभर उघडी ठेवली म्हणून निघून जात नाही.

कलम_बावन्न

तांत्रिक बाजू जाणकार सांगत आहेतच. मी फक्त कायद्याचं सांगतो.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. उत्पादकाने दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ(४) प्रमाणे मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही. प्रवासी बसतात त्या जागेत पेट्रोलची टाकी आणणं याला कोणीही किरकोळ बदल म्हणणार नाही. शिवाय आपली गाडी २००८ ची, म्हणजे पंधरा वर्षांचं पुनर्पासिंग एकदा झालेलं असणार, ते पुन्हा येईलच. आणि विमा कंपनीला आग लागल्यावर पहिला प्रश्न हाच सुचतो.

घोडबंदरी

वकीलसाहेब, गाडी ९०% वेळ उभीच असते हो.

कलम_बावन्न

उरलेले १०% मुरबाड रस्त्यावर असते. मी त्याबद्दल बोलतोय.

ट्रेलरवाला_४३

सगळे नाही म्हणतायत म्हणून मी केलेलं लिहितो, कारण माझ्या गाडीत खरा सेल आहे. पण माझी जिप्सी फक्त स्पर्धेची. ट्रेलरवर चढून जाते, ट्रेलरवर परत येते. नेरुळहून गोव्यापर्यंत रस्त्याला तिचं चाक लागत नाही. तुमचं तसं नसेल तर वाचून सोडून द्या.

बसवणं. ४० लिटर पेट्रोल म्हणजे ३० किलो, पेटी-पिशवीसकट चाळीसच्या पुढे. गाडी उलटली तर हे चाळीस किलो तुमच्या मानेमागे असतात. त्यामुळे पेटी मागच्या फ्लोअरच्या पत्र्याला बोल्ट करून भागत नाही. मी चौकोनी नळीचा पाळणा केला आणि तो रोलकेजच्या (गाडी उलटली तरी छत चेपू नये म्हणून आत बसवलेला नळ्यांचा सांगाडा) पायांना जोडला. पेटी पाळण्यात रबरावर बसते, वरून पट्ट्या. इथे एक गोष्ट कोणी सांगत नाही: जिप्सीची बॉडी चासीवर रबरी माउंटवर असते, दोघी वेगवेगळ्या हलतात. पेटी बॉडीवर आणि नळ्या चासीवर असतील तर मधल्या तुकड्याला ढील ठेवा. माझी पहिली नळी तिथेच घासून पांढरी झाली होती.

पडदा. ड्रायव्हर आणि पेटी यांच्यात पूर्ण बंद पत्रा. जिप्सी मागून उघडी, त्यामुळे सगळ्यात जास्त वेळ यातच गेला, पेटीत नाही. नळी जिथून पडद्यातून जाते तिथे भोकात नुसती नळी घालू नका, बल्कहेड फिटिंग, म्हणजे पत्र्याला दोन्ही बाजूंनी आवळून बसणारा जोड, वापरा. पेटीखाली गळती बाहेर पडायला एक भोक, ते सायलेन्सरच्या बाजूला नको.

नळ्या. साध्या रबरी नळीवर जुबली क्लिप ही कार्ब्युरेटरच्या काळातली गोष्ट. एमपीएफआयच्या लाइनमध्ये अडीच-तीन बार दाब असतो. एसएई ३०आर९ ची नळी घ्या, आणि टाकीच्या आत पेट्रोलमध्ये बुडलेला तुकडा असेल तर तो ३०आर१० चा लागतो. आर९ बाहेरून पेट्रोल सहन करत नाही, आत घातली की फुगून गळून पडते. आता सगळीकडे ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं. एप्रिल २०२३ च्या आधीच्या गाड्यांचे रबर त्यासाठी केलेले नाहीत, त्यामुळे २००८ च्या गाडीत काही बदला न बदला, नळ्या आणि ओरिंग बदला.

फोम. सीटचा फोम, फिशटँकचा फोम, पॅकिंगचा फोम, यातलं काहीही घालू नका. माझ्या एका दोस्ताने घातला होता, तीन महिन्यांत त्याचा चिवडा होऊन पंपाच्या जाळीत. पेट्रोलसाठीचा फोम वेगळा येतो, तोही इथेनॉल सहन करणारा आहे का ते विचारून. जागा फार खात नाही, दोन-तीन टक्के. पण पेट्रोलपंपावर नोझल सारखं कट होतं. चाळीस लिटर भरायला पंधरा मिनिटं आणि मागच्या रिक्षावाल्याच्या शिव्या. माझी ट्रेलरवर असते म्हणून मी वाचतो.

अर्थिंग. पेटी, भरायचं तोंड आणि चासी, तिन्ही तारेने जोडलेले हवेत. फोममधून पेट्रोल वाहताना स्थिर वीज तयार होते, विमानांच्या टाक्यांत यावरून आगी लागलेल्या आहेत.

पंप. बाहेर लावायचे पंप ढकलतात चांगले, ओढतात वाईट. पेट्रोलच्या पातळीच्या खाली बसवा, आणि पंपाच्या आधी मोठ्या जाळीचा फिल्टर, नंतर बारीक. उलटं लावलं की पंप रडतो. त्याची वायर मूळ रिलेवरूनच घ्या, म्हणजे इंजिन बंद पडलं की ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) पंप बंद करतो. डॅशवर बटण लावून थेट बॅटरीवरून पंप चालवणारे हुशार लोक मी बघितलेत. गाडी उलटी पडलेली, माणूस बेल्टला लटकलेला आणि पंप चालू.

खाडीकाठची

ट्रेलरवाला, उत्तम. पण हवेच्या नळीबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत आणि माझ्या मते अर्धी टाकी तीच आहे.

ट्रेलरवाला_४३

माझ्या सेलला वरच्या प्लेटमध्येच रोलओव्हर व्हॉल्व्ह होता ताई, मला डोकं लावावं लागलं नाही. तुम्ही लिहा.

खाडीकाठची

आज ऑडिट आहे, रविवारी लिहिते.

घोडबंदरी

(पाच आठवड्यांनी)

मंडळी, खरं सांगतो आणि शिव्या खायची तयारी ठेवतो. ताईंचा रविवार यायच्या आत मी डबा करून घेतला. आगाऊ रक्कम दिलेली होती.

बसवला. पहिले दोन आठवडे छान. फक्त कापूरबावडीच्या सिग्नलला उभं राहिलं की गाडीत पेट्रोलचा वास. बायको म्हणाली मी बसणार नाही. फॅब्रिकेटरने वरच्या बुचाला बारीक भोक ठेवलं होतं, "हवा लागते ना साहेब." ते मी एम-सीलने बुजवलं आणि डब्याच्या वरून एक नळी काढून सरळ खाली, मागच्या अॅक्सलपाशी सोडली. वास गेला. मी खूश.

मग पाऊस सुरू झाला आणि खाणीकडे जाणारा ओढा भरला. पाणी गुडघ्याच्या वर. नेहमीप्रमाणे हळू घातली, मध्ये दगड अडला म्हणून दोन-तीन मिनिटं थांबावं लागलं, पाणी आत पायापाशी आलं. बाहेर पडलो, शंभर मीटर गेलो आणि गाडी मेली. ट्रॅक्टरने ओढून आणली.

डबा रिकामा करायला घेतला. पहिली बाटली भरली, मित्र म्हणाला ही बघ. बाटलीत दोन थर. वर पिवळसर पेट्रोल, खाली पाण्यासारखं काहीतरी. पाणी आलं कुठून? बूच घट्ट होतं.

खाडीकाठची

नळीतून. तुम्ही डब्याला स्ट्रॉ लावलात आणि तिचं टोक ओढ्यात बुडवलंत.

डबा उन्हात तापलेला. आतली अर्धी जागा पेट्रोलच्या वाफेने भरलेली. डब्याच्या तळाला ओढ्याचं गार पाणी लागलं, वाफ आकसली, काही पुन्हा द्रव झाली. वर इंजिन पेट्रोल ओढतच होतं. आत निर्वात तयार होणार आणि तो सगळ्यात सोप्या वाटेने भरून निघणार. पाणी अर्धा मीटर वर चढायला ०.०५ बार पुरतो, एवढा फरक तापलेली टाकी सहज करते. कारखान्यात याच कारणाने टाक्या आत चेपतात. पावसाची पहिली सर येते, मोठी टाकी अचानक गार होते, आणि ब्रीदर, म्हणजे टाकीची हवेची वाट, अडलेला असला की पत्रा डब्यासारखा आत येतो.

खालचा थर नुसत्या पाण्याचा नाही. ई२० मध्ये थोडं पाणी विरघळून राहतं, पण मर्यादा ओलांडली की पाणी इथेनॉलला सोबत घेऊन तळाशी बसतं. म्हणून तो थर तुम्ही घातलेल्या पाण्यापेक्षा जाड दिसतो. आणि वरचं पेट्रोलही आता पूर्वीचं राहिलं नाही, त्यातलं इथेनॉल गेलं, ऑक्टेन उतरला. ते पुन्हा गाडीत घालू नका.

आता तो राहिलेला रविवार. हवेच्या नळीचे नियम म्हणाल तर असे. डब्यावरून निघताना रोलओव्हर व्हॉल्व्ह, म्हणजे उलटा झाला की आतली गोळी तोंड बंद करते. तिथून नळी वर, जमेल तितकी उंच. मग गाडीच्या दुसऱ्या बाजूला आडवी, आणि मग खाली, पण टोक अॅक्सलपाशी नाही. तिरका फेरा अशासाठी, की गाडी कुठल्याही कुशीवर पडली तरी नळीचा कुठला तरी भाग पेट्रोलच्या पातळीच्या वर राहिला पाहिजे. टोक बाहेर उघडायला हवं, केबिनमध्ये नव्हे, आणि ओढ्याच्या पाण्याच्या बऱ्याच वर, तोंडाशी छोटा फिल्टर. जिप्सीला स्नॉर्कल (इंजिनाची हवा छताच्या उंचीवरून घेणारी नळी) असेल तर त्या उंचीला घ्या, पण त्याच्या तोंडाशी नको, वाफ इंजिनात जाईल.

आणि हे सगळं गाडीत बसवायच्या आधी, फोम घालायच्या आधी, डब्यात पेट्रोल नाही तर पाणी भरून बघायचं. पातळी आणि उतार यांना आत काय भरलंय याच्याशी देणंघेणं नसतं. एका टोकाखाली जॅक लावा, ३० अंश करा, ओढनळी बुडते का बघा. मग डबा उलटा करून पाच मिनिटं ठेवा, व्हॉल्व्हमधून थेंब पडतो का बघा. मग पूर्ण सुकवा, अगदी पूर्ण.

रबाळे_आर्गन

एम-सीलचं वाचून चहा सांडला माझा.

गावठी_थार

आमच्या डिझेलला…

बापू_कोपरी

गप रे.

घोडबंदरी, झालं ते झालं. आता ऐका. डबा काढा. मूळ जागी मूळ टाकी परत बसवा. पोचावाली नको, नवी मिळते, नाहीतर चांगल्या अवस्थेतली जुनी. तिच्याखाली ४ मिमीचा स्किड प्लेट, म्हणजे दगडांपासून वाचवणारा जाड पत्रा, टाकीपासून बोटभर अंतर ठेवून, चिखल धुवायला भोकं पाडून. मूळ टाकीचा पंप राहू दे, त्याला कमी दाबाचा करून लिफ्ट पंपाचं काम द्या. तो पेट्रोल एका दोन लिटरच्या उभ्या सर्ज टँकमध्ये टाकणार. उभ्या आणि अरुंद, आडव्या नव्हे. तिच्या तळातून दुसरा पंप इंजिनाला देणार. इंजिनाची रिटर्न लाइन या छोट्या टाकीच्या वरच्या भागात, आणि छोट्या टाकीचा उतू गेलेला माल मूळ टाकीत परत.

आता चढावर मूळ पंप कोरडा पडला तरी छोटी टाकी भरलेली असते. ८० हॉर्सपॉवरचं इंजिन फुल थ्रॉटलला तासाला पंचवीसेक लिटर खाईल, म्हणजे दोन लिटर पावणेपाच मिनिटं. पण खाणीत तुम्ही फोर-लो मध्ये (चारही चाकांना जोर, सगळ्यात हळू गिअर) सरपटता, तेव्हा पाच-सहा लिटर तासाला, म्हणजे वीस मिनिटं. वीस मिनिटं सलग उभा चढ मुरबाडात नाही, तसला चढ शोधायला हिमालयात जावं लागेल.

छोटी टाकी बोनेटखाली लावू नका. मे महिन्यात ठाण्यात बोनेटखाली पेट्रोल उकळी घेतं आणि पंप वाफ ओढतो. चासीच्या आतल्या बाजूला, सायलेन्सरच्या विरुद्ध.

कलम_बावन्न

हाही बदलच आहे, हे नोंदवून ठेवतो.

बापू_कोपरी

नोंदवा. पण केबिनमध्ये पेट्रोल नाही आणि सहा बोल्ट काढले की गाडी कंपनीसारखी.

कलम_बावन्न

बोल्ट निघतो म्हणून कलम निघत नाही. परवानगीचा अर्ज करायला हरकत काय आहे? अर्ज करा, मिळाली तर कागद गाडीत ठेवा, नाही मिळाली तर ट्रेलरवाल्यांचा रस्ता धरा.

घोडबंदरी

(दोन महिन्यांनी)

अपडेट. अर्ज केलाय, उत्तर आलेलं नाही. तोवर गाडी मित्राच्याच जमिनीवर ठेवली आहे, मी एसटीने जातो. बायकोला हे फार आवडलंय.

बापूंनी सांगितल्याप्रमाणे केलं. नवी टाकी, स्किड प्लेट, दोन लिटरची सर्ज टँक. रबाळे दादांनी करून दिली, आणि ताईंच्या सांगण्याप्रमाणे त्यांच्या शेडमध्ये पाणी भरून उलटी करून बघितली. पहिला व्हॉल्व्ह थेंब थेंब गळला. दुकानदार म्हणाला सगळे असेच असतात. दुसऱ्या दुकानातून दुसरा आणला, तो नाही गळला. नळ्या सगळ्या ई२० च्या. हवेची नळी ए पिलरच्या (पुढच्या काचेच्या कडेचा खांब) बाजूने वर नेऊन तिरकी दुसऱ्या बाजूला.

चाचणीचं सांगतो. व्हीलबेस २३७५ मिमी, म्हणजे ३० अंशांसाठी पुढची चाकं मागच्यांपेक्षा एक मीटर एकोणीस सेंमी वर हवीत. खाणीच्या तोंडाशी एक बांध तेवढाच आहे, दोरी आणि लेव्हल लावून मोजला. टाकीत मोजून १० लिटर. पुढची चाकं वर, मागची खाली, हँडब्रेक, चारही चाकांना दगड, इंजिन चालू. मित्र घड्याळ घेऊन लांब, अग्निशामक सिलिंडर हातात.

पूर्वी दहाबारा सेकंद. या वेळी अकरा मिनिटांनी मीच बंद केलं, मित्राचा हात दुखायला लागला म्हणून.

एक गोष्ट राहिली, पेट्रोलचा काटा. मूळ टाकीत १० लिटर असताना चढावर काटा निम्म्याच्या वर दाखवतो आणि उतारावर रिकामी.

ट्रेलरवाला_४३

फ्लोट तिरपा झाला की काटा तिरपा बोलणारच. सपाटीवर बघायचा. सेन्सर बदलायचा झालाच तर आधी मल्टिमीटरने जुन्याचे रिकामे आणि भरलेले ओहम लिहून घ्या, नाहीतर नवा उलटा दाखवतो. माझ्याकडे वर्षभर भरलेली म्हणजे रिकामी होती.

निवांत_पाटील

तो अॅल्युमिनियमचा डबा विकणार का? सोसायटीच्या गच्चीत पाण्याला बरा पडेल.

खाडीकाठची

पेट्रोल राहिलेल्या डब्यात पाणी? पाटील!

रबाळे_आर्गन

डबा माझ्याकडे आलाय. पाण्याने काठोकाठ भरून वरचा पत्रा हॅक्सॉने कापला, टॉर्च जवळसुद्धा नेला नाही. आता त्यात पोरं नटबोल्ट धुतात. आडपडदा नव्हताच आत, मी बघितलं. फोम होता, काळा, बोटाने दाबला की चुरा.